तिची उजवी बाजू

पहाटे डोंबिवलीत डोळे मिटून पडून राहिलं तरी सगळं गाव समोर उभं राहतं. पायथ्याच्या बाजूने कल्याणकडे जाणारी लोकल धडधडत जाते. उशाकडून गणपती मंदिराची घंटा येते. खिडकीखाली दुधाच्या पिशव्यांचे क्रेट आपटतात, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचा मिक्सर सुरू होतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. प्रत्येक आवाज स्वतःची जागा बरोबर घेऊनच आत येतो, आणि ती जागा आपण इतकी गृहीत धरलेली असते की तिच्याविषयी कधी विचारही करत नाही.

आमच्या मुलीला हे सगळे आवाज ऐकू येतात. घंटा येते, लोकल येते, मिक्सरने तर तिला जागच येते. ते कुठून येतात, हे मात्र तिला कळत नाही. तिचा उजवा कान उत्तम आहे. डावा जन्मापासून बंद आहे.

उजवीकडून निघालेला आवाज डाव्या कानाशी पोहोचतो तेव्हा त्याला किंचित उशीर झालेला असतो. जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. शिवाय मधे आपलं डोकं असतं. जाड, खर्जातले आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडे जातात. पातळ, वरच्या पट्टीतले आवाज अडतात. तज्ज्ञ त्याला डोक्याची सावली म्हणतात. त्या सावलीत ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ अशी अक्षरं विरून जातात. त्यामुळे डाव्या बाजूने कुणी बोललं तर आमच्या लेकीपर्यंत शब्दाचा सूर पोहोचतो, स्वर पोहोचतात, कडा पोहोचत नाहीत. कुणीतरी काहीतरी म्हणालं एवढं तिला कळतं. गोंगाटात तेवढंही कळत नाही.

आम्हाला हे कळलं ते लोकलमध्ये. गडकरी रंगायतनला बालनाट्य पाहून आम्ही ठाण्याहून परतत होतो. ती पाच वर्षांची. गाडी फास्ट होती. तेव्हा पारसिकचा बोगदा आला की डब्यातलं बोलणं थांबायचं. १९१६ पासून तो बोगदा माणसांना असाच मिनिटभर गप्प करत आला होता. म्हणून मी मोबाइलवर गाणं लावलं, इअरफोनचं एक टोक माझ्या कानात आणि एक तिच्या डाव्या कानात दिलं. गाणं सुरू झालं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “बाबा, माझं बंद पडलंय.” मी टोकं बदलून दिली. तरी बंदच. तिने स्वतःच ते टोक काढून उजव्या कानात घातलं आणि तिचा चेहरा उजळला. “आता चालू झालं.” मुंब्र्याचा उजेड खिडकीतून आत आला होता. तिची आई समोरच्या बाकावर बसली होती. आमच्या दोघांच्या नजरा भेटल्या, आणि डोंबिवली येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या. डोंबिवलीतल्याच कान-नाक-घसा डॉक्टरांनी ऑडिओमेट्री करायला सांगितली. छोट्या साउंडप्रूफ खोलीत तिला बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात मणी, पुढ्यात डबा. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. तिला खेळ फार आवडला. उजव्या कानाची पाळी झाली, भराभर मणी पडले. मग डाव्या कानाची. गंमत म्हणजे तिथेही मणी पडत होते. तेव्हा तपासणाऱ्या ताईंनी समजावून सांगितलं की डाव्या कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीच्या हाडातून उजव्या कानाला पोहोचतो आणि उत्तर उजवाच देतो. गैरहजर मुलाची हजेरी शेजारच्या बाकावरच्या मित्राने लावावी, तसं. मग त्यांनी उजव्या कानात एक सारखा खरखराट सोडून त्याला गुंतवून ठेवलं. याला मास्किंग म्हणतात. उजवा गुंतला, आणि मणी पडायचे थांबले. ती हातात मणी धरून बसून राहिली, आमच्याकडे काचेतून बघत, खेळ का थांबला हे न कळून.

कागदावरचा आलेख मी अजून जपून ठेवला आहे. उजव्या कानाच्या खुणा लाल गोल असतात, डाव्याच्या निळ्या फुल्या. लाल गोल वरच्या बाजूला एका ओळीत, शहाण्या मुलांसारखे. निळ्या फुल्या तळाशी, आणि त्यांना खाली रोखलेले बाण. बाणाचा अर्थ यंत्राचा आवाज संपला, तरी प्रतिसाद नाही.

पुढची तपासणी वांद्र्याला, अली यावर जंग संस्थेत. १९८३ साली सुरू झालेल्या या राष्ट्रीय संस्थेत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आईवडील मुलांना घेऊन येतात. तिथे ‘बेरा’ होते. कान काही सांगू शकला नाही तरी मेंदूपर्यंत आवाजाची लहर जाते का, हे कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवून बघतात. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं हवं. म्हणून सूचना मिळते की आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, आणि येताना गाडीत झोपू देऊ नका. पेंगणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला डोंबिवलीहून दादर आणि दादरहून वांद्रे एवढा वेळ जागं ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. गोष्टी संपल्या, गाणी संपली, स्टेशनांची नावं सुलट आणि उलट म्हणून झाली. घाटकोपरला ती उभ्याउभ्या तिच्या आईच्या साडीत तोंड घालून झोपली. एका अनोळखी बाईने ते पाहिलं, विचारलं, आणि कारण कळल्यावर पुढचा सगळा वेळ तिला भेंड्यांमध्ये गुंतवून ठेवलं.

पडद्यावर उजव्या कानाच्या लहरी एकामागून एक उमटल्या. डावीकडे सपाट रेघ. नंतरच्या एमआरआयमध्ये कारण दिसलं. कानातून मेंदूकडे जाणारी श्रवणाची नस त्या बाजूला जवळजवळ नाहीच. म्हणजे यंत्र लावून उपयोग नाही, कारण वाढवलेला आवाज नेणार कोण? कॉक्लिअर इम्प्लांटलाही नस लागते.

“पण एक कान चांगला आहे ना!”

हे वाक्य आम्ही किती जणांकडून ऐकलं असेल. डॉक्टरांकडून, नातेवाइकांकडून, शाळेत, सोसायटीत. म्हणणाऱ्याचा हेतू प्रेमाचाच असतो. आम्हीही रात्री एकमेकांना हेच म्हणत होतो. शेजारी एखाद्या घरी दोन्ही कान नसलेलं मूल असेल, तर आपलं दुःख तोंडावर आणायचीही लाज वाटते. तरी त्या वाक्यापुढे काहीतरी शिल्लक राहतंच.

जगभरच वैद्यकशास्त्र अनेक वर्षं तेच म्हणत होतं. एका कानावर बोलणं येतं, शाळा होते, पुढच्या रांगेत बसवा म्हणजे झालं. १९८४ साली अमेरिकेत नॅशव्हिल इथे फ्रेड बेस आणि अॅन मेरी थार्प यांनी एका कानाने ऐकणारी ६० मुलं बारकाईने पाहिली. त्यांतली ३५ टक्के मुलं शाळेत किमान एकदा त्याच वर्गात राहिली होती. पुढे २०१० मध्ये जुडिथ ल्यू यांनी अशा मुलांची त्यांच्याच, दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या भावंडांशी तुलना केली. घर तेच, आईवडील तेच, भाषा तीच. तरी एका कानाच्या मुलांची बोलीभाषेतली गती मागे होती. मी हे वाचलं तेव्हा मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त आधार वाटला. आम्हाला जे दिसत होतं ते खरं होतं.

आम्हाला काय दिसत होतं? दुपारी शाळेतून आली की ती नुसती पडून राहायची. ताप नाही, भूक नाही, भांडण नाही. उजवा कान उशीत घालून, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तर उत्तर नाही, कारण त्या अवस्थेत तिच्यासाठी जग खरोखरच बंद झालेलं असतं. पन्नास मुलांच्या वर्गात, पंखे फिरत असताना, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, कोण बोललं आणि काय बोललं हे ओठ, डोळे, अंदाज आणि एक कान वापरून दिवसभर जुळवत बसायचं. त्या जुळवाजुळवीने ती दमायची. आता आम्ही त्या तासाला तिचा तास म्हणतो. त्या वेळात घरात टीव्ही लागत नाही आणि तिला कुणी उठवत नाही.

कायद्याच्या दृष्टीने तिला काहीच झालेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरेपणाची व्याख्या दोन्ही कानांवर बेतलेली आहे. दोन्ही कानांत ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर बहिरा, ६० ते ७० असेल तर कमी ऐकणारा. टक्केवारी काढतानाही चांगल्या कानाला पाचपट वजन देतात, म्हणून एक कान पूर्ण बंद आणि दुसरा पूर्ण चांगला असेल तर हिशेब १७ टक्क्यांच्या आसपास येतो. सवलतींसाठी लागतात ४०. मला प्रमाणपत्र हवं होतं असं नाही. आरक्षित जागा, फीची सवलत तिच्याहून जास्त गरजेच्या मुलांना मिळावी, हेच बरोबर आहे. पण शाळेत तिची बसण्याची जागा मागायला गेलो की हातात कागद लागतो, आणि कागद नसला की आईवडील उगाच काळजी करतात असं समोरच्याला वाटतं. एवढं लिहून देणारी एखादी साधी चिठ्ठी सरकारी रुग्णालयातून मिळायला हवी. या मुलाला एका कानाने ऐकू येतं, त्याला अमुक बाजूला बसवा. बस, दोन ओळी.

वांद्र्याच्या त्या बाकांवर आम्हाला माणसं भेटली. ठाण्याचं एक जोडपं होतं. त्यांच्या बाळाचा उजवा कान जन्मतःच शेंगदाण्याएवढा, आणि कानाची वाट बंद. आतली नस मात्र शाबूत. त्याच्या डोक्याला एक मऊ पट्टा बांधला होता, पट्ट्यावर छोटंसं यंत्र. ते हाडाला कंप देऊन आवाज आत नेतं. बाळाची आई म्हणाली, लोक पट्टा बघतात आणि विचारतात, त्याचं वाईट वाटत नाही. टोपीने कान झाकून ठेव असं घरचे म्हणतात, त्याचं वाटतं. अंबरनाथहून आलेल्या एक आजी होत्या. त्यांच्या नातवाला मेंदूज्वर झाला होता, त्यात एक कान गेला. नातवाने दिलेल्या प्रत्येक उत्तराला त्या मान हलवत होत्या, जणू तपासणी त्यांचीच चालली होती. आम्ही बोलत राहिलो. आमच्यातल्या बहुतेकांना घरून एकच सल्ला मिळाला होता की कुणाला सांगू नका. मुलगी असेल तर त्यामागे लग्नाची काळजी, मुलगा असेल तर नोकरीची. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. न दिसणारी गोष्ट लपवली की ती फक्त मुलाच्याच अंगावर राहते. सांगितली की चार माणसं वाटून घेतात.

सांगायचं ठरवलं, आणि मग बाजूंचा अभ्यास सुरू झाला. डोंबिवलीच्या रस्त्यावर पदपथ असून नसल्यासारखे. डाव्या कडेने चालताना मी तिच्या उजवीकडे असलो की सगळं जमतं. तिचा बंद कान दुकानांकडे, चांगला कान माझ्याकडे आणि गाड्यांकडे. रस्ता ओलांडून उलट्या कडेला गेलो की गणित फिरतं. आता गाड्या डावीकडे. मी वाहनांच्या बाजूला राहून तिला आडोसा देऊ की चांगल्या कानाशी राहून तिच्याशी बोलू? फडके रोडवर संध्याकाळी मी तिच्याभोवती किती वेळा बाजू बदलतो हे कुणी पाहिलं तर त्याला मी काही नाच शिकतोय असं वाटेल. शेअर रिक्षात तर याहून बिकट. मागच्या सीटवर तिघं. ती डाव्या टोकाला बसली तर उजवा कान आमच्याकडे राहतो आणि गप्पा होतात. पण रिक्षाची उघडी बाजू डावीच, आणि मानपाडा रोडचे खड्डे. कुठलाही बाप मुलीला आतल्या बाजूला ओढेल. तिची आई तिला डावीकडे बसवते, आणि आपला हात तिच्यापुढे आडवा धरून ठेवते. दोन्ही गोष्टी साधतात, हाताला कळ लागते.

जेवायला बसताना, फोटो काढताना, लग्नात पंगतीला, नाटकाला, डॉक्टरांच्या बाकावर, प्रत्येक ठिकाणी आधी डावी-उजवी ठरते. नाट्यगृहात आम्ही डाव्या टोकाची तिकिटं घेतो. सावित्रीबाई फुले कलामंदिरात त्या बाजूच्या रांगेतून रंगमंच थोडा तिरका दिसतो, पण सगळं प्रेक्षागृह तिच्या उजव्या कानाकडे असतं, आणि हशा कुठे पिकला हे तिला आमच्या चेहऱ्यांवरून शोधावं लागत नाही.

शाळेतही हेच. पुढची रांग एवढं पुरत नाही. अगदी पुढे, मध्यभागी बसवलं तर बाई ऐकू येतात, पण मागून प्रश्न विचारणारी, उत्तरं देणारी मुलं ऐकू येत नाहीत, आणि वर्गातलं अर्धं शिक्षण त्यांच्याकडूनच होतं. तिला दुसऱ्या रांगेत, फळ्याकडे तोंड केल्यावर डाव्या भिंतीजवळ जागा हवी. भिंत बंद कानाला, वर्ग चांगल्या कानाला. तिच्या दुसरीच्या बाईंनी हे ऐकून घेतलं, आणि मग स्वतःहून एक गोष्ट केली. उत्तर देणाऱ्या मुलाचं नाव त्या आधी घेऊ लागल्या आणि तिथे बोट दाखवू लागल्या. त्यांनी कुठे प्रशिक्षण घेतलं नव्हतं. नुसतं नाव घेतल्याने आमच्या मुलीला वळायला वेळ मिळू लागला. त्या वर्षी ती दुपारची कमी झोपली.

सोसायटीत मुलं आंधळी कोशिंबीर खेळायची. हा खेळ तिच्यासाठी अवघड असणार हे आम्हाला उशिरा सुचलं. डोळे बांधले की तिच्याकडे दिशा सांगणारं काहीच उरत नाही. सगळ्या टाळ्या तिच्या उजवीकडून येतात. पुढे वाचताना मला कळलं की इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले एकोणिसाव्या शतकात नेमकं हेच करत होता. हिरवळीवर डोळे मिटून उभं राहायचं, भोवती मदतनीस, कुणी बोलायचं, कुणी ट्यूनिंग फोर्क वाजवायचा, आणि आवाज कुठला ते रॅलेने ओळखायचं. दिशा ओळखायला दोन कान कसे लागतात याचा त्याचा सिद्धांत १९०७ मध्ये पूर्ण झाला. आमच्या मुलीने मात्र त्याच्याशिवाय स्वतःची युक्ती काढली. डोळे बांधलेली ती मधोमध उभी राहते आणि मान हळूहळू फिरवते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आवाज कुठल्या कोनात सर्वांत स्वच्छ होतो हे शोधते. कानाच्या पाळीच्या वळणांतून आवाज थोडा बदलून येतो, तोही तिला उपयोगी पडत असावा. वेळ लागतो. मुलं थांबतात. तेवढ्यात काही जण टाळ्या वाजवायचं विसरतात, तर ती रागावते.

मला सर्वांत जास्त भीती रुळांची वाटते. ठाणे-दिव्यादरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाल्यावर आमच्या पट्ट्यात गाड्या आणखी वाढल्या. ठाकुर्लीकडून, कोपरकडून घाईत रूळ ओलांडणारी माणसं आपण रोज बघतो. हॉर्न ऐकू येतो, मान वळते, पाय थांबतात. आमच्या मुलीला हॉर्न ऐकू येईल, आणि मान चुकीच्या बाजूला वळेल. म्हणून तिच्यापुढे आम्ही एकच नियम कडक ठेवला आहे की पुलावरूनच जायचं. मैत्रिणी खालून गेल्या तरी. रस्त्यावर हॉर्न वाजला की आधी जागच्या जागी थांबायचं, मग दोन्हीकडे बघायचं. कानावर विसंबायचं नाही.

एकच कान असला की तो कान जपायचा, हे ओघानेच येतं. सर्दी झाली की आम्ही डॉक्टरांकडे धावतो. दरवर्षी ऑडिओग्राम. आणि ठाणे जिल्ह्यात राहून कान जपायचा म्हणजे वर्षभर दिनदर्शिका घेऊन बसायचं. टेंभी नाक्याची दहीहंडी, गणपतीच्या मिरवणुका, नवरात्र, दिवाळीच्या पहाटे फडके रोड. नियम आहेत. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला. मी त्यांना भेटलेलो नाही. भिंती थरथरवणारी स्पीकरची गाडी समोरून जाते आणि मी मुलीला घेऊन जिन्याखाली उभा असतो, तेव्हा त्या निकालामागच्या वर्षांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आणि याच मुलीला ढोलपथकात जायचं होतं. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झाली. आता ती नसलेला पाडवा इथल्या मुलांना माहीत नाही. सगळ्या मैत्रिणी पथकात. ढोलाजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. आम्ही नाही म्हणालो. ती रडली नाही, भांडली नाही. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत तिने स्वतः विचारलं की मी पथकात काय करू शकते? त्यांनी चांगल्या इअरप्लगबद्दल सांगितलं, अंतराबद्दल सांगितलं, मध्ये मध्ये विश्रांतीबद्दल सांगितलं. तिने घरी येऊन जाहीर केलं की ती ध्वज घेणार. ध्वजवाले पुढे असतात, ढोलांपासून लांब. ठेका कसा कळेल, विचारलं तर म्हणाली, पायांतून येतो. यंदा ती पुढच्या रांगेत होती. तिची आई तिच्याबरोबर कडेकडेने पूर्ण मार्ग चालली, पर्समध्ये इअरप्लगची दुसरी जोडी ठेवून.

वॉशिंग्टन सुंदर तिला आवडतो. चेन्नईचा हा खेळाडू लहानपणापासून एकाच कानाने ऐकतो. चार वर्षांचा असताना घरच्यांच्या ते लक्षात आलं. क्षेत्ररक्षणात सहकाऱ्यांशी जुळवून घेणं अवघड जातं, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या गहुंज्यात त्याने न्यूझीलंडचे एका डावात ५९ धावांत ७ बळी घेतले, तेव्हा ती टीव्हीसमोरून हलली नाही. पण ती विकेट बघत नव्हती. उंच चेंडू उडाला की दोन क्षेत्ररक्षकांपैकी कोण ओरडतो आणि वॉशिंग्टन कुठे बघतो, हे बघत होती.

उपकरणांबद्दल लोक विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. बंद कानाशी माइक लावून आवाज चांगल्या कानाला बिनतारी पाठवणारी क्रॉस पद्धतीची यंत्रं मिळतात. डावीकडचं बोलणं त्यांनी कळतं, दिशा मात्र कळत नाही, आणि गोंगाट डावीकडे असेल तर तोही चांगल्या कानात येतो. वर्गासाठी बाईंच्या गळ्यात घालायचा छोटा माइक असतो, त्याचा फायदा जास्त. नस शाबूत असलेल्या मुलांसाठी, एकच कान बंद असतानाही कॉक्लिअर इम्प्लांट करायला अमेरिकेने २०१९ मध्ये, पाच वर्षांवरील मुलांना, मान्यता दिली. आमच्या वाट्याला तो मार्ग नाही. क्रॉस यंत्र तिने वापरून पाहिलं, परत केलं, म्हणाली नंतर बघू. ती आता सातवीत आहे. निर्णय तिचा.

गेल्या महिन्यात कल्याणहून एका ओळखीच्या ओळखीने फोन आला. त्यांच्या मुलाला गालगुंड झालं होतं. सूज उतरली, ताप गेला, आणि एक कान गेला तो परत आला नाही. गालगुंडात असं घडतं, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला घडतं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. ती एमएमआरमध्ये असते, बालरोगतज्ज्ञ सुचवतात, पण खाजगीत घ्यावी लागते. हे मी भेटेल त्या नव्या आईबापाला सांगतो. फोनवर त्या मुलाची आई विचारत होती आणि मी बोलत होतो. शाळेतली जागा, डोक्याची सावली, दुपारचा थकवा, पूल. मुलगी शेजारी गृहपाठ करत होती. मधेच तिने विचारलं, “त्याचा कुठला कान?”

“उजवा.”

तिने वहीवर दोन गोल काढले, प्रत्येकाला एक कान काढला, आणि म्हणाली, “मग तो माझ्या उजवीकडे बसला की झालं. आम्हा दोघांचे चालू कान समोरासमोर येतात.”

रविवारी आम्ही काळ्या तलावावर भेटलो. बाक एकच रिकामा होता. तिने त्याला आपल्या उजवीकडे बसवलं. त्याची आई त्याच्या उजवीकडे बसली, मी हिच्या डावीकडे, म्हणजे दोघंही पालक नेमके बंद बाजूंना. तलावाभोवती फिरणाऱ्यांची गर्दी होती, भेळवाला ओरडत होता, आम्ही काही विचारलं तरी त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. हिने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, “बेराला तुला खरंच झोप लागली होती की तू नाटक केलंस?”


“नाटक,” तो म्हणाला. “मग त्यांनी परत बोलावलं.”